मधला ठोका

१

मी एका अस्वलाला तंबाखू ओढायला शिकवलं, ही गोष्ट आमच्या गावात सगळ्यांना पाठ आहे. ती खोटी आहे हेही सगळ्यांना पाठ आहे. अस्वल ओढत नव्हतं, नुसतं मागायचं. तर सांगायचं एवढंच, की मी प्रिकोप, वय वर्षं त्रेपन्न, मारामुरेशच्या डोंगरातल्या एका लाकडी चर्चचा सेवेकरी; आणि बोलण्यात शेवटचा शब्द माझा असतो, हे पाद्रीबाबांपासून मेंढपाळांपर्यंत सगळ्यांनी मान्य करून टाकलेलं आहे. आता जे सांगतोय तेही तुम्ही खोटंच धरून चाला. माझी तक्रार नाही. हे फक्त एका माणसाला पटणं गरजेचं होतं.

माझं काम साधं. चर्च झाडायचं, मेणबत्त्यांची थोटकं वेचायची आणि प्रार्थनेआधी त्वाका वाजवायची. त्वाका म्हणजे लाकडाची फळी. माणसाहून हातभर लांब, घंटाघराच्या वळचणीला दोन साखळ्यांवर आडवी टांगलेली. दोन हातांत दोन मोगऱ्या, म्हणजे लाकडी हातोड्या, घ्यायच्या. उन्हं कुरणावर तिरपी झाली की सुरुवात. आधी सावकाश, मग भरभर, मग पत्र्यावर गारा पडाव्यात तसं, आणि मग एकदम थांबायचं. एक श्वास जाऊ द्यायचा. मग एकच, सुटा, शेवटचा ठोका.

तो ठोका माझ्या बायकोसाठी, अक्सीनियासाठी असायचा.

आमचं घर कब्रस्तानाच्या कुंपणाला लागून, खालच्या अंगाला. डिसेंबरात अक्सीनियाची छाती भरली ती भरलीच. डॉक्टर दोनदा येऊन गेला आणि दुसऱ्यांदा जाताना माझ्याशी फार गोड बोलला, तेव्हाच मला कळलं. तिची खाट मी खिडकीशी ओढली. उशाशी तिने तिचा लाकडी डाव ठेवला, ज्याच्या दांड्याला एका बाजूने जळल्याची खाच आहे. माझा शेवटचा ठोका पडला की ती त्या डावाने खिडकीच्या चौकटीवर एकदा मारायची. टक. म्हणजे ऐकलं, मी आहे, आता रस्त्यात कुणाशी गप्पा हाणत बसू नकोस, घरी ये.

माझा ठोका, तिची टक. दोघांच्या मध्ये काही नसायचं. एवढं लक्षात ठेवा.

२

त्या हिवाळ्यात जुनी त्वाका गारठ्याने उभी चिरली. एरवी कुणाला फिकीर नसती. पण ईस्टरच्या आठवड्यात गुरुवारपासून घंटा मुक्या असतात. तीन दिवस गावाला जो काही आवाज असतो तो या फळीचा. नदीपलीकडच्या गावाने नवं पत्र्याचं चर्च बांधलंय, तिथली माणसं तर आमच्या मुक्या आठवड्याला हसायची वाटच बघत होती.

त्वाकेचं लाकूड उभ्या उभ्या वाळलेल्या झाडाचं लागतं. पाडून वाळवलेलं चालत नाही, ते बोदं वाजतं. माझा मित्र उर्सू लाकूडतोड्या आहे. एक डोळा तिरपा, त्यामुळे तो झाडाकडे बघतोय की माझ्याकडे हे झाड पडेपर्यंत समजत नाही. त्याला मेंढवाड्याच्या वर एक मेलेलं मेपल ठाऊक होतं. साल निघालेली, अंग पांढरं, कुठे फांदी नाही. आम्ही ते पाडलं, फळी काढली. मी रंधा फिरवला तसं दिसलं, की फळीभर भोकं आहेत. बारीक, गोल, जणू चांभाराने आर टोचली असावी. काहींमध्ये फिकट अळी होती. मऊ, बोटाच्या पेरापेक्षा थोडी लांब. पण डोकं काळं, कडक, टोकदार.

"भोकांची फळी टांगायची नसते," उर्सू म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या बापाने. मला. तुला सांगून उपयोग नाही म्हणून."

"ईस्टरला नऊ दिवस राहिलेत, उर्सू. दुसरं मेलेलं झाड आण, मी ही चुलीत घालतो."

दुसरं नव्हतं. मग मी भोकं बुजवायचं ठरवलं, आणि सेवेकऱ्याच्या हाताशी जे असतं त्यानेच बुजवली. मेणाने.

आमच्या चर्चच्या बाहेर मेणबत्त्या लावायला दोन कोनाडे आहेत. डावा जिवंतांसाठी, उजवा गेलेल्यांसाठी. थोटकं दोन वेगळ्या डब्यांत जातात आणि वेगळीच वितळतात. का, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. चमचा उजव्या हातात का धरायचा हे तरी कुणी विचारतं का. त्या दिवशी डावा डबा घेतला, तर पुरेना. आमच्याकडे लोक जिवंतांवर फारसं मेण घालवत नाहीत. त्या डब्यातली बरीचशी थोटकं एकाच नावाची होती, रोज मीच लावलेली. अक्सीनियाची. मग मी उजवा डबा उचलला आणि दोन्ही एकाच भांड्यात उलटे केले.

चूक म्हणाल तर एवढीच. गरम मेण भोकांत ओतलं, अंगठ्याने दाबलं, वरून रंधा मारला. अळ्या आतच होत्या.

३

त्या वर्षी ईस्टर मे महिन्यात होता. त्याच्या आठ दिवस आधीच्या शनिवारी फळी टांगली. आवाज असा निघाला की पलीकडच्या गावातले कुत्रे गप्प बसले. मी सावकाश वाजवलं, भरभर वाजवलं, थांबलो. श्वास जाऊ दिला. शेवटचा ठोका दिला.

आणि आणखी एक पडला.

मऊ होता. एखाद्याने दारावर बोटाच्या सांध्याने वाजवावं तसा. मागोमाग खालून अक्सीनियाची टक.

आता, समोरच्या डोंगराचा प्रतिध्वनी मी त्रेपन्न वर्षं ऐकतोय. तो उशिरा येतो, बारीक येतो आणि पश्चिमेकडून येतो. हा फळीतून आला होता. डाव्या साखळीची कडी हलत होती. पण साखळी काय, मीच हलवली असणार. नवं लाकूड तडकतं, बसतं, उन्हाने फुगतं. मला लाकडातलं कळतं. मी स्वतःला हे सगळं नीट समजावून सांगितलं आणि घरी गेलो.

अक्सीनिया भिंतीला टेकून बसली होती. "नवी फळी बरी आहे," ती म्हणाली. "पण आज दोन का मारलेस शेवटी?"

"एक."

"दोन. पहिल्याला मी डाव उचलला, तर दुसरा आला. मग दुसऱ्याला मारली."

"हातातून मोगरी निसटली," मी तिच्या डोळ्यांत बघून म्हणालो.

"हां," ती म्हणाली, आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली.

रविवारी तेच झालं. सोमवारी मधला ठोका जास्त लवकर आला आणि तो मऊ राहिला नव्हता. मंगळवारी मी शेवटचा ठोका दिलाच नाही. मोगऱ्या काखेत मारून नुसता उभा राहिलो, काय करतेस बघू, असं म्हणत. एक श्वास गेला. दुसरा गेला. फळीने ठोका दिला. माझ्यासारखा. अगदी माझ्यासारखा, डाव्या मनगटात मला जरा लचक आहे, त्यामुळे माझा ठोका किंचित घसरतो, तसा घसरलेला.

खालून टक आली. खणखणीत, आनंदी.

मी तिथे किती वेळ उभा राहिलो कोण जाणे. माझ्या बायकोने कुणाला उत्तर दिलं होतं, हे मला माहीत नव्हतं.

४

बुधवारी ऊन तापलं आणि मेणाची बुचं बाहेर पडायला लागली. बुचं आतून ढकलली जात होती, आणि मागून माश्या येत होत्या.

तुमच्या घरातल्या माश्यांसारख्या नव्हेत. लांब, सडपातळ, कंबर बारीक, पाय पिवळे. लांबून बघितलं तर गांधीलमाशी वाटावी. मला त्या माहीत होत्या. चार वर्षांपूर्वी शहराच्या संग्रहालयातली एक बाई दोन उन्हाळे आमच्याकडे राहिली होती, जंगलातले ओंडके फोडत हिंडायची. गाव तिला माशीबाई म्हणायचं. तिनेच सांगितलं होतं, की हे माश्यांचं एक जुनं कुटुंब आहे. मेलेल्या लाकडात जन्मतं, दोनेक वर्षं अळी होऊन अंधारात राहतं, मग मे महिन्यात काही आठवडे बाहेर येतं. आवाज करत नाही. "आणि जिवंत झाडाच्या वाटेला ही माशी कधी जात नाही हं, प्रिकोपदादा," ती म्हणाली होती. "शेपटीचं टोक लावून बघते आणि तिला कळतं."

त्या खरंच आवाज करत नव्हत्या. बाहेर यायच्या, पंख वाळवायच्या आणि फळीच्या वरच्या काठावर ओळीने बसायच्या. सगळ्यांची डोकी एकाच दिशेला. मी वाकून त्या दिशेला बघितलं. कुंपण, कुंपणापलीकडे आमचं छप्पर, छपराखाली खिडकी.

पाद्रीबाबा इलारी पुस्तक काखेत घेऊन आले. भला माणूस, पण दाढीत कायम काहीतरी अडकलेलं असतं. त्यांनी माश्या बघितल्या, खाली पडलेलं एक बूच उचललं, हुंगलं.

"मेण कुठल्या डब्यातलं, प्रिकोप?"

"जिवंतांच्या," मी म्हणालो. सरळ डोळ्यांत बघून.

"नक्की?"

"बाबा, मी चर्चच्या अंगणात उभा आहे."

"अस्वलाची गोष्ट पण तू इथेच उभं राहून सांगितली होतीस," ते म्हणाले. बूच त्यांनी झग्याच्या खिशात टाकलं. "ईस्टर झाला की ही उतरव."

गुरुवारी दुपारी उर्सू आला. त्याला मी अर्धंच सांगितलं, तेवढंही त्याला पुरलं. "उतरव आणि जाळ," तो म्हणाला. "मुका आठवडा तर मुका आठवडा. पलीकडचे हसले तर मी जाऊन दोघांना नदीत टाकतो." त्याने सुरी काढली आणि उरलेल्या एका बुचात टोक रुतवलं. फिरवलं.

खालून अक्सीनिया ओरडली.

धावत गेलो, तर ती बरगडी दाबून बसलेली. "काही नाही. सुई टोचल्यासारखं झालं. कूस बदलताना." कूस बदलताना कुणालाही टोचतं. तिला तीन महिने तिथेच दुखत होतं. हे सगळं मी परत वर येताना कुंपणाशी थांबून विचारात घेतलं. पण दुसऱ्यांदा सुरी लावायचं माझ्याने होईना. आणि उर्सूकडे बघितलं तर त्याने सुरी आधीच मिटली होती. दोन्ही डोळ्यांनी तो, एकदाचा, माझ्याकडेच बघत होता.

"तुझ्या बापाने आणखी एक सांगितलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"की तू कधीतरी असलं काहीतरी करशील."

५

गुरुवारी संध्याकाळी घंटा मुक्या झाल्या. मी वाजवलं. फळीने उत्तर दिलं. खालून टक आली, पण अर्धवट, दमलेली.

घरी आलो तर अक्सीनिया उशीवर डोकं टाकून पडली होती आणि तिच्या मनगटावर माशी बसली होती. पिवळे पाय पसरून. शेपटीचं टोक खाली वाकवून ती कातडीवर टेकवत होती, उचलत होती, थोडं सरकून पुन्हा टेकवत होती. शिवणकाम करणारी बाई कापड चाचपते तशी.

मी दारातच थांबलो. मला माशीबाईचं बोलणं आठवलं आणि ते आठवू नये असं वाटत राहिलं.

अक्सीनियाने एक डोळा उघडला. माशीकडे बघितलं. दुसऱ्या हाताने तिला टिचकी मारली.

"अजून नाही गं बाई," ती म्हणाली. मग मला म्हणाली, "काल दोन होत्या. दार लाव, उभा काय राहिलास खांबासारखा. बीन्स शिजलेत का?"

बीन्स खाताना ती म्हणाली, "प्रिकोप, तो दुसरा ठोका. तो तुझा नाही ना."

"माझाच."

"जवळून येतो. तुझा चर्चवरून येतो, तो उशीच्या आतून आल्यासारखा येतो. कुणी दार वाजवतं तसा." तिने भाकरीचा तुकडा मोडला. "दार वाजवलं की मी उत्तर देते. मला काय बकऱ्यांनी वाढवलंय. पण दर वेळी उत्तर दिलं की थोडं आणखी थकायला होतं. आणि बोलावणारे घाईत नाहीत. शनिवारपर्यंत थांबतील, असं वाटतं."

"कोण थांबतील?"

"मला काय माहीत. घरातली माणसं असावीत तशी वाटतात. खूप जण, एकाच खोलीत. गप्प बसलेली."

६

शुक्रवारी भर दुपारी, गाव शेतावरून परतायच्या आधी, मी शिडी लावली आणि फळीतल्या सगळ्यात मोठ्या भोकाला डोळा लावला. गुड फ्रायडेची उपाशी दुपार, डोक्यावर ऊन, मी दारूचा थेंब घेतला नव्हता. हे सांगितलेलं बरं.

फळी चार बोटं जाड. भोक आरपार नव्हतं, ते मी स्वतः तारेने तपासलं होतं. आत काळोख दिसायला हवा होता.

आत उजेड होता. पिवळा, हलणारा, मेणबत्तीचा. त्या उजेडात लाकडी भिंत होती, भिंतीला खिडकीची चौकट होती, आणि चौकटीखाली खाट. खाटेवरून वर उचललेला एक हात. हातात डाव. दांड्याला एका बाजूने जळल्याची खाच.

हात तसाच उचललेला होता. वाट बघत. आणि खाटेच्या भोवती, भिंतीला लागून, ओळीने...

मी डोळा काढला. शिडीवरून कसा उतरलो ते आठवत नाही. गुडघा फुटला होता, हे नंतर उर्सूने दाखवलं.

७

आता बघा. मी जन्मभर थापा मारल्या. बायकोला तर रोज. कुठे होतास, किती घेतलीस, कोंबडा कुणी विकला. आणि आता तिच्या खाटेशी बसून मला एक गोष्ट सांगायची होती, जी माझ्या सगळ्या थापांहून वाईट थाप वाटत होती. आणि ती तिला खरी वाटली नाही, तर संध्याकाळी ती पुन्हा त्या ठोक्याला उत्तर देणार होती. उद्या शनिवार होता.

मी सांगितलं. दोन डबे, एक भांडं, तिच्या नावाची थोटकं. पाद्रीबाबांना काय बोललो ते, उर्सूच्या सुरीचं. भोकातून काय दिसलं ते, जेवढं बघितलं तेवढं.

तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. खिडकीच्या काचेबाहेर तीन माश्या होत्या, आत तोंड करून.

"एकतीस वर्षं तू माझ्याशी खोटं बोलतोयस," ती शेवटी म्हणाली. "आणि खोटं बोलताना दर वेळी माझ्या डोळ्यांत बघतोस. वासरासारखा. आज मघापासून बुटांकडे बघतोयस."

मी वर बघितलं नाही.

"म्हणजे खरं आहे," ती म्हणाली. "मेल्या, माझ्या मेणबत्त्या मेलेल्यांत वितळवल्यास."

"हो."

"आणि फळी जाळता येत नाही."

"तुला टोचलं होतं."

"टोचलं होतं." तिने डाव उचलला, खाचेवरून अंगठा फिरवला. खोकली. मला वाटलं रडतेय, पण ती चिडली होती. गालांवर डिसेंबरानंतर पहिल्यांदा रंग दिसला. "माझ्या घरात, माझ्या खिडकीत, माझ्या नवऱ्याचा ठोका चोरून मला बोलावतात. मेलेल्या लाकडात राहतात म्हणून मिजास. आम्ही कशात राहतो? घर लाकडाचं, चर्च लाकडाचं, पाळणा लाकडाचा, हा डाव लाकडाचा. माझी सात पिढ्यांची माणसं मेल्या लाकडातच राहिली. त्यांनी मला शिकवू नये."

"मग उत्तर देऊ नकोस."

"का नाही देणार? तुला उत्तर द्यायचं नाही तर कुणाला? फक्त मला कळलं पाहिजे तुझा कोणता. त्या दुसऱ्या ठोक्याने तुझी लचकसुद्धा उचलली आहे."

मी विचार केला. मग तिने विचार केला. मग दोघांनी एकदमच एकमेकांकडे बघितलं, आणि ती इतकी हसली की खोकल्याने मोडली.

"गुड फ्रायडेला?" ती म्हणाली. "पाद्रीबाबा तुला जिवंत पुरतील."

"निदान मेणबत्ती कुठल्या कोनाड्यात लावायची हा प्रश्न सुटेल."

८

संध्याकाळी सगळं गाव काळ्या रुमालांत, काळ्या कोटांत अंगणात उभं होतं. वर्षातली सगळ्यात गंभीर संध्याकाळ. मी सावकाश वाजवलं, भरभर वाजवलं, गारा पाडल्या. थांबलो. श्वास जाऊ दिला. शेवटचा ठोका दिला.

फळीने तिचा दिला.

खालून टक आली नाही.

मी पुन्हा दिला. फळीने पुन्हा. मी, ती, मी, ती. माझ्या दोन्ही मोगऱ्या खांद्याच्या वर असतानाही ठोका पडत होता, आणि पुढच्या रांगेतल्या वार्वारामावशीने ते बघितलं, कारण तिने रुमाल तोंडात घातला. वरच्या काठावर माश्यांची ओळ. सगळी डोकी आमच्या खिडकीकडे.

मग मी नाच वाजवायला घेतला.

आमच्याकडे लग्नात जोडप्यांचा गिरकीचा नाच असतो. लंगडा ठेका, दोन पावलं लांब, एक आखूड, आणि आखूड कुठे पडेल ते वाजवणाऱ्याच्या मर्जीवर. माझ्या लग्नात तो असा वाजला होता की तीन माणसं आडवी झाली आणि नवरी माझ्यावर पडली. तोच मी वाजवला. गुड फ्रायडेच्या संध्याकाळी, चर्चच्या पवित्र फळीवर, काळ्या कपड्यांतल्या दोनशे माणसांसमोर, लग्नाचा नाच.

खालून टक. टक-टक, टक. लंगडी, बरोबर जागेवर.

फळीने प्रयत्न केला. मला ते लाकडात जाणवलं, हाताखाली, जसं घोड्याच्या कातडीखाली काही फिरतं. ठोका आला आणि चुकीच्या जागी पडला. पुन्हा आला, पुन्हा चुकला.

पाद्रीबाबा पायऱ्या उतरून माझ्या मागे आले. "प्रिकोप," ते हळू म्हणाले. "आज? हा ठेका?"

"बाबा," मी न थांबता म्हणालो, "मेण दोन्ही डब्यांतलं होतं."

त्यांनी फळीकडे बघितलं. मी मोगऱ्या उचलल्या, आणि मोगऱ्या हवेत असताना जो ठोका पडला तो त्यांनी ऐकला. त्यांचा हात झग्याच्या खिशात गेला, जिथे ते बूच होतं, आणि तिथेच राहिला.

"ठेका चुकवू नकोस," ते म्हणाले, आणि लोकांना आत घेऊन गेले.

मी किती वेळ वाजवत होतो? लोक म्हणतात, पूर्ण प्रार्थना होईपर्यंत. ऊन कुरणावरून निघून गेलं. मनगट सुजलं. आणि मग हाताखालचं लाकूड गप्प झालं. मी थांबलो, श्वास जाऊ दिला, एक ठोका दिला. लंगडा, माझा. खालून टक.

मध्ये काहीच नव्हतं.

मी वर बघितलं. माश्या उडाल्या नव्हत्या. फक्त वळल्या होत्या. सगळी डोकी आता माझ्याकडे होती.

९

शनिवार आला आणि गेला. ईस्टरला अक्सीनियाने खाटेवर बसून रिवाजाप्रमाणे लाल अंडं माझ्या अंड्यावर आपटलं आणि माझं फोडलं, म्हणजे जिंकली ती. जूनमध्ये ती चुलीपाशी उभी राहिली. डॉक्टर म्हणाला, कधीकधी असं होतं, आणि या वेळी तो माझ्याशी जरा तुटक बोलला. मला फार बरं वाटलं.

माश्या आठवड्याभरात संपल्या. फळी आहे तिथेच आहे. पाद्रीबाबा उतरव म्हणत नाहीत, मी उतरवत नाही, उर्सू तिच्या बाजूने चालतसुद्धा नाही. दोनेक वर्षं अंधारात, असं माशीबाई म्हणाली होती. पुढचा सोडून त्याच्या पुढच्या मे महिन्यात ती पूर्ण होतील. रंधा हलका फिरवला तर नवी बारीक भोकं दिसतात.

आणि फळी शिकते. लग्नाचा नाच तिने अकरा दिवसांत उचलला. मग मी तिला मेंढपाळांचा ठेका दिला, तो आठ दिवस टिकला. मग उर्सूचं दारू पिऊन जिना चढणं. ते पाचच दिवस, त्यात खरोखर काहीच नियम नसतानाही. रोज मला नवीन काहीतरी लागतं, आणि ते सकाळी मी अक्सीनियाच्या कानात सांगतो, म्हणजे तिला कळतं कुठल्याला टक द्यायची. गाव म्हणतं, प्रिकोपला वेड लागलं. पलीकडचं गाव ऐकायला येतं.

कालचं सांगतो. काल सकाळी मी एक ठेका मनात जुळवला. इतका चांगला की अजून अक्सीनियालाही सांगितला नव्हता. संध्याकाळी वर गेलो, मोगऱ्या खुंटीवरून काढल्या, आणि मी हात उचलायच्या आत फळीने तो वाजवला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही चूक न करता.

हे मी घरी येऊन खरं सांगितलं, बुटांकडे बघत. अक्सीनिया कणीक मळत होती. तिने हात थांबवले नाहीत.

"म्हणजे आता डोक्यातलंही ऐकतात," ती म्हणाली.

"हो."

"मग डोक्यात काही ठेवू नकोस. नाहीतरी तिथे काय असतं." मग हात झटकून म्हणाली, "अस्वलाची गोष्ट पहिल्यांदा सांगितलीस, तेव्हा अस्वल तंबाखू मागणार हे तुला आधी माहीत होतं?"

"छे. मी तर लांडग्याची सांगायला निघालो होतो."

"मग झालं तर. मला कळेल तुझी कोणती. थापा मी ओळखते."

त्रेपन्न वर्षांत मी एकही गोष्ट शेवट ठरवून सुरू केलेली नाही. पहिलं वाक्य तोंडातून बाहेर पडतं आणि दुसरं काय असेल हे माझं मलाच तेव्हा कळतं, तेही इतरांच्या थोडं नंतर. तेवढं एक त्यांना माझ्या आत शिरून मिळायचं नाही, कारण ते तिथे नसतंच.

ऊन कुरणावर आलंय. खिडकीत ती डाव घेऊन बसली आहे, मला इथून दिसते. मी मोगऱ्या उचलल्या आहेत, आणि आता पहिला ठोका कसा पडणार आहे, खरं सांगतो, मला काही कल्पना नाही.